मुलांच्या मेंदू-वर्तन चाचण्या: आकडा कितपत पक्का, आणि त्यात घरच्या भाषेचा वाटा किती? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सोलापुरात मुलांचे मानसशास्त्रीय मूल्यमापन करताना पालक, शिक्षक आणि क्वचित प्रशिक्षणार्थी विद्यार्थीही जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. प्रत्यक्ष चाचण्यांतील प्रश्न मात्र मुद्दाम दिलेले नाहीत. ते बाहेर फुटले की चाचणी निरुपयोगी होते. प्रश्नांची उदाहरणे जिथे आवश्यक होती तिथे ती मी स्वतः रचली आहेत.

मेंदू-वर्तन चाचणी म्हणजे मेंदूचा फोटो काढतात का?

नाही. स्कॅनमध्ये मेंदूची रचना दिसते, ईईजीत विद्युत्-लहरी दिसतात. या चाचण्यांत मात्र मूल प्रत्यक्षात काय करते ते मोजले जाते. दिवा लागताच बटण दाबायला किती वेळ लागला, दहा सेकंदांत एका बोटाने किती टिचक्या मारल्या, ऐकलेले अंक त्याच क्रमाने आणि मग उलट क्रमाने किती म्हणता आले, खुंट्या भोकांत किती वेगाने बसवल्या, पाहिलेली आकृती थोड्या वेळाने आठवून काढता आली का, अशी छोटी-छोटी कामे मुलाला दिली जातात. त्यांवरून अवधान, कार्यस्मृती (माहिती मनात धरून तिच्यावर काम करण्याची क्षमता), हात-डोळ्यांचा मेळ आणि विचारांचा वेग यांविषयी अनुमान काढले जाते. मी 'अनुमान' हा शब्द जाणूनबुजून वापरला आहे, कारण आपल्या हाती येते ते वर्तन. मेंदूपर्यंत आपण तर्काने पोहोचतो, आणि त्या वाटेत भाषा, शाळा, घर, झोप, भूक, समोर बसलेला अनोळखी माणूस अशी बरीच स्थानके लागतात.

या चाचण्यांची गरज कुठून निर्माण झाली?

दोन वाटांनी. एक वाट दवाखान्याची: फिट्स, डोक्याला मार, जन्मावेळी गुदमरणे, अभ्यासातील विशिष्ट अडचणी. दुसरी वाट विषारी द्रव्यांच्या अभ्यासाची. कुठलेही ठळक लक्षण न दिसणाऱ्या मुलांतही शिशाचे प्रमाण आणि चाचण्यांतील कामगिरी यांचा संबंध असू शकतो, हे अमेरिकेत हर्बर्ट नीडलमन यांनी १९७९ मध्ये मुलांच्या दुधाच्या दातांतील शिसे मोजून दाखवले. जागतिक आरोग्य संघटनेने १९८० च्या दशकात प्रौढ कामगारांसाठी चाचण्यांचा एक सामाईक संच सुचवला, आणि १९९० च्या दशकात अमेरिकेत मुलांसाठी तशाच धर्तीचा संच तयार झाला. कामगारांचा संच निरनिराळ्या देशांत वापरून पाहिल्यावर एक गोष्ट पुढे आली: शिक्षण कमी असलेल्या गटांचे गुण, कोणत्याही विषाशी संबंध नसतानाही, इतके खाली येत होते की विषाचा परिणाम शोधणेच अवघड व्हावे. या पानावरील निम्मे प्रश्न त्याच अडचणीतून आलेले आहेत.

चाचणी 'विश्वसनीय' आहे असे म्हणतात, म्हणजे तिच्यावर विश्वास ठेवायचा का?

येथे मराठी शब्द थोडा फसवतो. संख्याशास्त्रात विश्वसनीयता म्हणजे सातत्य, एवढेच. तेच मूल, तीच चाचणी, थोड्या अंतराने पुन्हा दिली तर साधारण तोच आकडा येतो का. दोन परीक्षकांनी एकमेकांना न विचारता एकाच चित्राला गुण दिले तर ते जुळतात का. एकाच चाचणीतील प्रश्न एकाच दिशेने बोलतात का. त्या आकड्याचा अर्थ बरोबर आहे की नाही, हा निराळा प्रश्न असून त्याला सप्रमाणता म्हणतात. दुकानदाराच्या काट्यात प्रत्येक वेळी बरोबर पन्नास ग्रॅमची खोट असेल, तर तो काटा पूर्ण विश्वसनीय आणि पूर्ण चुकीचा ठरेल. न कळणाऱ्या भाषेत चाचणी घेतली तर मूल सोमवारीही कमी गुण मिळवील आणि पुढच्या सोमवारीही. आकडे सुरेख जुळतील. म्हणून 'आम्ही दोनदा तपासले, दोन्ही वेळा तेच आले' हे वाक्य पालकांना जितके निर्णायक वाटते तितके ते नसते.

आणखी एक बाब विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी. विश्वसनीयता चाचणीच्या पेटीवर कोरलेली नसते. ती त्या पेटीच्या त्या गटावर केलेल्या वापराची असते. बेंगळुरूच्या किंवा अमेरिकेतल्या मुलांवर काढलेला विश्वसनीयतेचा गुणांक (० ते १ यांमधला आकडा) अक्कलकोट तालुक्यातील कन्नड माध्यमाच्या शाळेत आपोआप लागू होत नाही. तो तिथे पुन्हा काढावा लागतो, आणि प्रत्यक्षात तो फार क्वचित काढला जातो.

अहवालात ८२ लिहिले आहे. खरे किती समजायचे?

सरासरी १०० आणि प्रमाण विचलन (सरासरीभोवती गुण किती पसरतात याचे माप) १५ असलेल्या चाचणीची विश्वसनीयता ०.९० असेल, तर मापनाची प्रमाण त्रुटी, म्हणजे आकड्यात सहज पडणारी चूक, सुमारे ४.७ गुण निघते. म्हणजे ८२ हा आकडा ढोबळमानाने ७३ ते ९१ असा वाचायचा, तोही ९५ टक्के खात्रीने. विश्वसनीयता ०.८० पर्यंत खाली आली तर हाच पट्टा ६९ ते ९५ इतका रुंद होतो, आणि एका टोकाला मूल 'मर्यादेखाली' तर दुसऱ्या टोकाला 'सर्वसाधारण' ठरते. एकेका मुलाबाबत निर्णय घ्यायचा असेल तर ०.९० च्या खालची चाचणी वापरताना हात आखडावा, असा या क्षेत्रातील जुना संकेत आहे. गटांची तुलना करणाऱ्या संशोधनात त्याहून कमी चालून जाते.

दोन उपचाचण्यांमधील फरकाला तर याहूनही जपावे. 'भाषिक गुण कमी, कृतीचे गुण जास्त, म्हणून अमुक दोष' अशी वाक्ये अहवालांत सर्रास दिसतात. दोन्ही भागांची विश्वसनीयता ०.९० असली आणि त्यांचा परस्परसंबंध ०.७० असला, तर त्या फरकाची विश्वसनीयता अवघी ०.६७ उरते. फरकात दोन्हीकडच्या चुका जमा होतात आणि दोन्हींतला सामाईक खरा भाग मात्र वजा होतो. त्यामुळे आकडा जितका नाट्यमय दिसतो तितका तो भक्कम नसतो.

एका ठिकाणी ७८ आले, दुसऱ्या ठिकाणी ८९. खोटे कोण?

बहुधा कोणीच नाही. वर दिलेल्या ०.९० च्या चाचण्यांतही केवळ योगायोगाने दोन आकड्यांत १३ गुणांपर्यंत तफावत पडू शकते. त्यापुढे चाचणी वेगळी होती का, मानके (ज्यांच्याशी गुण ताडतात ती कोष्टके) वेगळ्या सालची होती का, सूचना कोणत्या भाषेत दिल्या, मधे किती दिवस गेले, हे पाहावे. पालक मात्र जास्त आकडा आणणाऱ्याला चांगला डॉक्टर मानतात, आणि दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र हवे असेल तर कमी आकडा आणणाऱ्याला. हा आमच्या व्यवसायातला कटू विनोद आहे.

सहा महिन्यांच्या उपचारानंतर गुण वाढले. उपचार लागू पडला ना?

कदाचित पडला असेल. परंतु मूल चाचणीलाही सरावते. ठोकळ्यांची रचना, चिन्हे-अंक जुळवणे अशा वेळ लावून करायच्या कामांत दुसऱ्या खेपेस गुण हमखास थोडे वाढतात, कारण काय करायचे हे मुलाला आता ठाऊक असते. ज्या मुलाने असली कामे आधी कधीच पाहिलेली नसतात त्याची पहिल्या-दुसऱ्या खेपेतील उडी मोठी असू शकते, आणि ही गोष्ट थेट संस्कृतीशी जोडलेली आहे. ज्या घरात कोडी, रंगीत ठोकळे, टॅबवरील खेळ आहेत तिथल्या मुलाचा सराव चाचणीपूर्वीच झालेला असतो. म्हणून पहिल्या खेपेची मोजणी न धरता ती निव्वळ ओळख समजावी आणि मग मोजावे, असे मला वाटते. वेळ जातो, पण आकड्याला पाया मिळतो.

त्या दिवशी मूल पेंगत होते. त्याने एवढा फरक पडतो?

अवधान आणि प्रतिक्रियाकाल यांत पडतो, आणि चांगलाच पडतो. एक मुलगा माझ्याकडे आला तेव्हा पडद्यावर ठरावीक आकृती आली की बटण दाबायच्या चाचणीत पहिली चार मिनिटे तो ठीक होता. पुढे मात्र त्याचा हात बटणावर आणि नजर खिडकीवर अशी स्थिती झाली. चुकलेल्या आकृत्यांची संख्या पाहून अवधानदोषाची शंका लिहिण्याच्या बेतात मी होते. त्याच्या वडिलांना सहज विचारले, 'काल किती वाजता झोपला?' ते म्हणाले, 'मॅडम, काल आमच्याकडे पाण्याचा दिवस होता. दोन वाजता नळ आला.' सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येते आणि वेळ कोणाच्या हातात नसते. बादल्या, पिंपे, हंडे भरायला घरातील लहान-मोठे सगळे उठतात. तो मुलगा पहाटे चारपर्यंत जिन्यावर कळशा चढवीत होता. पुढच्या आठवड्यात, पाण्याचा दिवस टाळून, तीच चाचणी घेतली तेव्हा चुका निम्म्याहून कमी झाल्या. त्यातला काही भाग सरावाचा असणारच, हे वरच्या उत्तरावरून लक्षात येईल. तेव्हापासून माझ्या नोंदपत्रात 'आदल्या रात्रीची झोप' याखाली 'पाणी' असा एक रकाना आहे.

आमच्या घरी तेलुगू बोलतात, मूल मराठी शाळेत जाते. चाचणी कोणत्या भाषेत घ्यावी?

सोलापुरातील हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि त्याचे एका ओळीत उत्तर नाही. पूर्व भागातील पद्मशाली कुटुंबांत तेलुगू, दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोटकडे कन्नड, अनेक मुस्लिम घरांत दखनी आणि शाळेत उर्दू, आणि या सर्वांच्या भोवती मराठी. शिवाय अलीकडे इंग्रजी माध्यम. मूल अंगणात एक भाषा बोलते, वर्गात दुसरी, आणि मनातल्या मनात कोणती ते त्यालाही सांगता येत नाही.

माझी स्वतःची एक चूक सांगते. चौथीतील नऊ वर्षांची एक मुलगी 'लक्ष देत नाही' म्हणून शाळेने पाठवली होती. मराठी इतकी सफाईने बोलत होती की भाषेचा प्रश्न माझ्या मनातही आला नाही. अंक ऐकून तसेच परत म्हणण्याची चाचणी सुरू केली. 'सहा, दोन, नऊ, चार,' मी म्हणाले. ती माझ्याकडे न पाहता टेबलाच्या कडेकडे पाहू लागली, तिचे ओठ हलले, आणि नीट कान दिला तेव्हा ऐकू आले: 'आरु, रेंडु, तोम्मिदि, नालुगु.' मग मान वर करून तिने ते मराठीत म्हटले. चार अंक जमले, पाचव्याला ती थांबली, आणि मी निमूटपणे 'श्राव्य कार्यस्मृती वयाच्या मानाने कमी' असे लिहून मोकळी झाले. जे कानांनी ऐकले होते त्याची नोंद मी केली, पण अर्थ लावला नाही.

अहवाल न्यायला आलेली तिची आई विड्या वळणारी. मी कार्यस्मृती समजावून सांगत होते, तेव्हा ती म्हणाली, 'पाढे ती मराठीत म्हणते, मॅडम. पैसे मात्र आमच्यासारखे तेलुगूत मोजते.' त्या एका वाक्यात माझ्या अहवालातील दोष होता. मुलगी एकाच वेळी अंक धरून ठेवीत होती आणि दोनदा भाषांतर करीत होती, म्हणजे तिची कार्यस्मृती सोप्या नव्हे, दुहेरी कामाला लावलेली होती. तीन आठवड्यांनी तेलुगू घरभाषा असलेल्या सहकारी मैत्रिणीने तेलुगूत सूचना आणि अंक देऊन तीच चाचणी घेतली, तेव्हा ती सहा अंकांपर्यंत गेली.

येथे गोष्ट संपवली असती तर छान झाले असते, परंतु ती तिथे संपत नाही. एक ते नऊ हे अंक मोठ्याने म्हणून पाहावेत. मराठीत एक, दोन, तीन, चार असे बहुतेक अंक एका उच्चारखंडाचे आहेत. नऊ अंकांचे मिळून ११ खंड होतात. कन्नडमध्ये ओंदु, एरडु, मूरु असे करीत २० होतात, आणि तेलुगूत ओकटि, एनिमिदि, तोम्मिदि धरून २३. मनातल्या मनात उजळणी करायला लांब अंकांना जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात आधीचे निसटतात. वेल्श (ब्रिटनमधील वेल्सची भाषा) आणि इंग्रजी दोन्ही येणाऱ्यांवरील १९८० च्या एलिस आणि हेनेली यांच्या अभ्यासात हाच परिणाम दिसला होता. वेल्श अंक उच्चारायला लांब, म्हणून वेल्शमधील अंकस्मृती कमी भासत होती. म्हणजे त्या मुलीचे तेलुगूतले सहा अंक मराठी मुलांच्या कोष्टकात टाकून वाचणे हेही चूकच. तिच्यासाठी योग्य कोष्टक माझ्यापाशी नव्हते. मी अहवाल बदलला, दोन्ही भाषांतील निरीक्षणे लिहिली, श्रेणी काढून टाकली, आणि शाळेला कळवले की स्मृतीचा दोष सिद्ध झालेला नाही.

तर व्यवहारात काय करावे? मूल पैसे कोणत्या भाषेत मोजते, भांडते कोणत्या भाषेत, लागले तर ओरडते कोणत्या भाषेत, हे आईला विचारावे. सूचना दोन्ही भाषांत द्याव्यात, उत्तर कोणत्याही भाषेतले स्वीकारावे, आणि शब्दसंपत्ती तपासताना दोन्ही भाषांतील शब्द मिळून मोजावेत. एकेका भाषेत कमी भरणारे मूल बेरजेत बहुधा कमी भरत नाही.

चाचणीचे मराठीत चांगले भाषांतर केले की झाले नाही का?

भाषांतर ही पहिली पायरी. एकाने मूळ चाचणी मराठीत आणायची, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ती परत मूळ भाषेत न्यायची आणि दोन्ही ताडून पाहायच्या, ही पद्धत सर्वमान्य आहे. परंतु शब्द जुळले तरी काठिण्य जुळेलच असे नाही. एका भाषेत रोजचा असलेला शब्द दुसरीत पुस्तकी असतो; पाठ्यपुस्तकातील 'साधर्म्य सांगा' ही सूचना ऐकून जे मूल गोंधळते तेच 'ह्या दोन्हींत सारखं काय?' म्हटल्यावर पटकन बोलते. अक्षरांवर आधारलेल्या चाचण्यांत तर पेच आणखी वाढतो. इंग्रजीत एका अक्षराने सुरू होणारे शब्द सांगायला सांगतात. आपल्याकडे 'क' म्हटले की मुले 'का', 'कि', 'कु' धरायचे की नाही असे विचारतात, आणि ते अगदी रास्त आहे. अंक आणि वर्णमालेतील अक्षरे आळीपाळीने जोडण्याच्या चाचणीऐवजी अंक आणि रंग वापरणारे रूप जागतिक आरोग्य संघटनेच्या बहुदेशीय अभ्यासासाठी तयार झाले, ते अशाच अडचणीमुळे.

या बाबतीत आपला भाग तसा मागे नव्हता. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीचे रूपांतर केले ते मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांतील मुलांसाठी, आणि प्रश्नांचा क्रम इथल्या मुलांना काय सोपे-अवघड जाते ते पाहून लावला. केवळ भाषांतर आणि खरे रूपांतर यांतील भेद समजण्यासाठी विद्यार्थ्यांनी ते काम अवश्य पाहावे. दुर्दैव असे की नव्वद वर्षे होत आली तरी तीच जुनी चाचणी वापरात असल्याचे आजच्या अहवालांत दिसते.

मग भाषाच नको. चित्रे, ठोकळे, आकृत्या यांच्या चाचण्या सर्व मुलांना सारख्या नाहीत का?

पुष्कळ वर्षे तसेच मानले जात होते. भाषा काढली की संस्कृती निघून जाते, ही समजूत मात्र टिकली नाही. रॉबर्ट सर्पेल यांनी १९७९ मध्ये झांबियातील आणि इंग्लंडमधील मुलांना एकच आकृती निरनिराळ्या माध्यमांतून उतरवायला सांगितली. कागद-पेन्सिलीने इंग्लंडमधील मुले सरस ठरली. तार वाकवून करायला सांगितल्यावर झांबियातील मुले, कारण तिथे तारेच्या खेळगाड्या करणे हा मुलांचा नित्याचा खेळ होता. मातीत दोघेही बरोबरीचे. क्षमता तीच, ओळखीचे माध्यम वेगळे.

आपल्याकडे एक गंमत उर्दू माध्यमाच्या मुलांबाबत दिसते. चित्रे क्रमाने लावायला सांगितली की काही मुले गोष्ट अगदी बिनचूक लावतात, फक्त उजवीकडून डावीकडे, उर्दू लिहितात तशी. उत्तरपत्रिकेप्रमाणे ते चूक. ओळीतील ठरावीक खूण खोडत जाण्याच्या चाचणीतही ही मुले उजव्या टोकापासून सुरुवात करतात, आणि परीक्षकाने 'इकडून' म्हणून थांबवले की वेळ वाया जातो. वर्गीकरणाच्या कामातही असेच होते: सुरी, कांदा, बटाटा, विळी यांचे गट करायला सांगितले तर एक मूल भाज्या आणि अवजारे असे दोन गट करील, दुसरे कांद्यापाशी विळी ठेवील. दुसऱ्याचे उत्तर कमी प्रतीचे मानण्याची सवय शाळेने लावली आहे. स्वयंपाकघरात तेच उत्तर शहाणपणाचे असते.

मुलाला येत असते, पण परीक्षकासमोर ते बोलतच नाही. असे का?

कारण मोठ्या माणसासमोर गप्प बसणे हे आपण त्याला वर्षानुवर्षे शिकवले आहे. 'हाताची घडी, तोंडावर बोट' या शिस्तीत वाढलेले मूल खात्री नसताना अंदाजाने उत्तर देत नाही. आणि काही चाचण्यांत अंदाज करणाऱ्याला फायदा होतो. तोच प्रश्न पुन्हा विचारला की मूल उत्तर बदलते, कारण बाईंनी पुन्हा विचारले म्हणजे आधीचे चुकले, हा वर्गातला अनुभव. वेगाच्या चाचणीत 'पटकन कर' ही सूचना घरच्या 'सावकाश, नीट कर' या शिकवणुकीच्या आड येते. मूल प्रत्येक खुंटी बसवून एकदा तुमच्या तोंडाकडे पाहते आणि तुम्ही मान हलवल्यावरच पुढची उचलते. त्या प्रत्येक नजरेचा अर्धा सेकंद वेगाच्या आकड्यात जमा होतो. अशा वेळी दहा मिनिटे गप्पा मारणे, 'चुकलं तरी चालतं, मीसुद्धा चुकते' असे दाखवून देणे आणि सरावाचे नमुने वाढवणे, याने फरक पडतो. प्रमाणित सूचना बदलता येत नाहीत. त्यांच्याआधी काय बोलावे यावर मात्र कोणाची बंदी नाही.

'मानके' म्हणजे काय, आणि ती जुनी झाली तर काय बिघडते?

मूल किती गुण मिळवते याला स्वतःचा अर्थ नसतो. त्याच वयाच्या मुलांच्या नमुन्याशी ताडल्यावर तो येतो. तो नमुना म्हणजे मानके. नागपूरच्या मालिन यांनी अमेरिकी वेक्सलर बुद्धिमापन चाचणीचे भारतीय रूपांतर केले ते १९६९ चे, आणि ते अजूनही ठिकठिकाणी वापरात आहे. पिढीगणिक चाचणीतील सरासरी गुण वाढत जातात हे जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये अमेरिकेतील आकड्यांवरून दाखवले. तिथे ती वाढ दर दशकाला सुमारे ३ गुण होती. हाच वेग आपल्याकडे लावता येणार नाही, पण दिशा स्पष्ट आहे: जुन्या मानकांवर आजचे मूल आहे त्यापेक्षा वरचे दिसते, आणि खऱ्या मदतीची गरज असलेले मूल निसटू शकते. उलट, महानगरातील इंग्रजी शाळांच्या मानकांवर खेड्यातील मूल आहे त्यापेक्षा खालचे दिसते. बेंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेने ५ ते १५ वर्षांच्या मुलांसाठी मेंदू-मानसशास्त्रीय संच तयार केला हे मोठे काम झाले. मात्र तोही वापरताना आपले मूल त्या नमुन्यातील मुलांसारखे आहे का, हा प्रश्न विचारावाच लागतो.

जन्मतारखेबद्दल एवढी चौकशी का करता?

कारण महाराष्ट्रात १ जून रोजी जन्मलेली माणसे फार आहेत! शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीची तारीख टाकायची, ही जुनी रीत आता जन्मनोंदणीमुळे बरीच मागे पडली. तरी स्थलांतरित कुटुंबांत, ऊसतोडीला जाणाऱ्यांत, ती अधूनमधून भेटते. कोष्टके काही महिन्यांच्या टप्प्यांनी बदलतात. सात-आठ महिन्यांनी लहान असलेल्या मुलाला मोठ्यांच्या कोष्टकात बसवले की ते विनाकारण मागे पडते. अशा वेळी मी आईला तारीख विचारत नाही. गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या संक्रांतीतल्या जत्रेच्या) आधी की नंतर, पंढरीची वारी निघाली होती का, थंडी होती की ऊन, असे विचारते. बहुतेक आयांना हे बिनचूक आठवते.

शिक्षिकेने भरलेली प्रश्नावली आणि आम्ही भरलेली, दोन्ही जुळत नाहीत.

क्वचितच जुळतात. मानसशास्त्रज्ञ आकेनबाक आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा आई-वडील यांच्यासारख्या एकाच भूमिकेतील दोघांचा मेळ (पूर्ण जुळले तर १) सरासरी ०.६० होता, तर पालक-शिक्षक अशा वेगळ्या भूमिकांतील व्यक्तींचा अवघा ०.२८. दोघे मुलाला वेगळ्या जागी पाहतात. साठ मुलांच्या वर्गात 'चुळबुळ्या' ठरलेले मूल घरी चार भावंडांत शांत वाटू शकते. दोन्ही ठेवाव्यात, सरासरी काढू नये.

संगणकावर किंवा टॅबवर घेतलेली चाचणी जास्त अचूक असते का?

वेळेची मोजणी अचूक होते, सूचना दरवेळी त्याच शब्दांत ऐकू येतात आणि परीक्षकाचा मूड मधे येत नाही, हे तिन्ही फायदे खरे आहेत. अमेरिकेत ओरेगनमध्ये विकसित झालेल्या एका संगणकीय संचात कळफलकाऐवजी मोठी नऊ बटणे ठेवली ती संगणक न हाताळलेल्यांसाठीच. शेतमजुरांच्या मुलांवरही तो वापरला गेला. परंतु हातात सतत मोबाइल असणारे मूल आणि बापाचा फोन रविवारीच मिळणारे मूल यांची बोटे पडद्यावर सारखी चालत नाहीत. प्रशिक्षणार्थ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी: निरनिराळ्या उपकरणांचा पडदा स्पर्शाला निरनिराळ्या वेगाने प्रतिसाद देतो, म्हणून एकाच अभ्यासात दोन प्रकारचे टॅब वापरू नयेत.

चाचणीआधी मुलाकडून तयारी करून घ्यावी का?

नाही. इंटरनेटवरून प्रश्न मिळवून घोकून घेतलेले मूल ओळखू येते, आणि मग त्याची चाचणी वाचताच येत नाही.

प्रमाणपत्रासाठी एवढा आकडा पुरेसा असतो का?

बौद्धिक अक्षमतेसाठी आकड्यासोबत मुलाचे दैनंदिन वागणेही पाहावे लागते: स्वतः जेवणे, कपडे घालणे, दुकानातून वस्तू आणणे, रस्ता ओलांडणे. त्यासाठीच्या सामाजिक परिपक्वतेच्या मापनश्रेणीतही संस्कृती डोकावते. सात वर्षांच्या मुलाला आई अजून भरवते, ते अनेकदा मायेने. त्याला जमत नाही म्हणून नव्हे. 'करतो का?' आणि 'करू शकतो का?' हे दोन प्रश्न वेगळे विचारावेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमताही आहे, आणि तिच्या निदानात मूल ज्या भाषेत शिकते त्या भाषेतील वाचन-लेखन तपासणे अपरिहार्य आहे. इंग्रजी उतारा वाचता न येणे म्हणजे वाचनदोष नव्हे.

अहवाल हाती आल्यावर काय पाहावे, आणि मुलाला केव्हा आणावे?

चाचणीचे पूर्ण नाव, मानकांचे साल, सूचनांची भाषा, आकड्यासोबत दिलेला पट्टा आणि परीक्षकाने लिहिलेली वर्तनाची निरीक्षणे पाहावीत. यांपैकी भाषेचा उल्लेख नसेल तर तो लिहून मागावा. हा आपला हक्क आहे आणि त्यात परीक्षकाचा अपमान नाही. कोरी उत्तरपत्रिका मागू नये, ती मिळणार नाही.

आणताना सकाळची वेळ घ्यावी. एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरात पारा चाळिशीपार असतो, त्यामुळे दुपारी नको. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराच्या गड्ड्यात रात्री जागलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी आणू नये. चष्मा असेल तर सोबत असावा, कान वाहत असेल तर आधी त्याचा उपचार करावा, आणि भाकरी-चटणी का होईना, पोटात काही घालून आणावे. ज्या भाषेत मूल घरी बोलते ती बोलणारे कोणीतरी बरोबर असावे. आणि आदल्या रात्री नळ येणार असेल तर फोन करून तारीख बदलून घ्यावी.